चुंबकाच्या खोलीतून क्वांटमकडे

एमआरआयच्या खोलीतलं चुंबक कधीच बंद नसतं. रात्री शेवटचा पेशंट गेला, दिवे मालवले, दाराला कुलूप लागलं, तरी आत दीड टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र तसंच असतं. नायोबियम-टायटॅनियमच्या तारेची वेटोळी द्रव हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसला बुडवलेली असतात. इतक्या थंडीत तारेचा विद्युतरोध शून्य होतो आणि एकदा सोडलेला प्रवाह फिरतच राहतो. हेलियम थंड ठेवणाऱ्या यंत्रणेची चुक-चुक तेवढी ऐकू येत असते.

या खोलीबाहेरच्या कन्सोलवर मी टेक्नॉलॉजिस्ट म्हणून काम करते. पेशंटकडून मंगळसूत्र, जोडवी, केसांतल्या पिना काढून घ्यायच्या, पेसमेकर नाही ना हे पुन्हापुन्हा विचारायचं, कॉइल बसवायची, कानांत बोळे, हातात बेल द्यायची आणि बाहेर येऊन सीक्वेन्स लावायचे. दहावीनंतर माझं गणित सुटलं. अकरावी-बारावीला जीवशास्त्राचा ग्रुप, पुढे रेडिओग्राफी. विकलन, संकलन, मॅट्रिक्स यांची कधी गाठ पडली नाही, आणि रोजच्या कामात त्यावाचून काही अडलंही नाही.

अडलं ते एका चित्रापाशी. एमआरआय शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ते दाखवतात. शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन आहे, त्याच्या अणुकेंद्रात एक प्रोटॉन, आणि प्रोटॉन म्हणजे एक इवलंसं चुंबक, म्हणून चित्रात बाण. एरवी हे बाण वाटेल तिकडे तोंड करून असतात. पेशंट चुंबकात गेला की काही बाण वर, काही खाली. वरचे किंचित जास्त. मग रेडिओलहरींचा ९० अंशांचा पल्स द्यायचा. वरचे काही बाण खाली वळतात, दोन्हींची संख्या सारखी होते, सगळे बाण ‘फेजमध्ये’ येतात आणि आडव्या दिशेत सिग्नल मिळतो.

परीक्षेत हे लिहिलं की मार्क मिळतात. पण काम करताकरता एक शंका मनात घर करून बसली. बाण फक्त वर किंवा खालीच असू शकतो, आणि पल्सनंतर निम्मे वर, निम्मे खाली झाले, तर बेरीज शून्य. मग आडवा सिग्नल आला कुठून? जो बाण सरळ उभा आहे किंवा सरळ उलटा आहे, त्याचं फेजमध्ये येणं म्हणजे नेमकं काय येणं?

कंबरेच्या स्कॅनला आलेल्या एका शेतकरी आजोबांनी एकदा विचारलं होतं, “पोरी, हे मशीन आत बघतंय तरी काय?”

“आजोबा, तुमच्या अंगातल्या पाण्यात बारीक बारीक चुंबकं आहेत, ती.”

“पाण्यात कुठलं आलंय लोहचुंबक?”

प्रश्न रास्त होता. बाहेर पुढचा पेशंट थांबलेला होता, म्हणून मी दोन वाक्यांत आटोपलं. पण या माणसाला खरं उत्तर द्यायचं तर आधी आपल्याला ते कळायला हवं, ही टोचणी राहिली.

लोकांसाठी लिहिलेली क्वांटमवरची पुस्तकं मी आधी वाचली. त्यांत मांजर असतं, दोन फटींतून जाणारा इलेक्ट्रॉन असतो, पाहणाऱ्यामुळे वास्तव बदलतं असं वाक्य असतं. वाचताना अंगावर काटा येतो. पुस्तक मिटल्यावर मात्र एकाही नव्या प्रश्नाचं उत्तर आपलं आपल्याला काढता येत नाही. ‘गणिताशिवाय’ हे आश्वासन वाचकाच्या प्रेमापोटीच दिलेलं असतं, पण त्यानं वाचकाच्या हातातलं एकुलतं एक साधन काढून घेतलं जातं, असं माझं ठाम मत झालं आहे. ज्याला अपूर्णांकांचा गुणाकार येतो, वर्गमूळ कळतं आणि दहावीचे साइन-कोसाइन आठवतात, त्याला क्वांटम मेकॅनिक्सचा गाभा खऱ्या रूपात, आकड्यांनिशी दाखवता येतो. तो तसा दाखवला पाहिजे.

पदवीची बहुतेक पाठ्यपुस्तकं श्रोडिंगरच्या १९२६ सालच्या समीकरणापासून सुरू होतात. पहिल्याच पानावर आंशिक विकलन. दहावीला गणित सुटलेल्या माणसाला तिथून आत शिरता येत नाही, आणि तो बिचारा समजतो की हा विषयच आपल्यासाठी नाही. दुसरी वाट आहे. लेनर्ड सस्किंड आणि आर्ट फ्रीडमन यांचं ‘द थिअरेटिकल मिनिमम’ मालेतलं क्वांटम मेकॅनिक्सचं पुस्तक पहिल्या प्रकरणापासून स्पिन, म्हणजे कणाचं ते इवलंसं चुंबकपण, घेऊन चालतं. फाइनमनच्या व्याख्यानांचा तिसरा खंडही लवकरच स्पिनकडे वळतो. स्पिनची वाट सोपी का, तर मोजल्यावर उत्तरं दोनच निघतात. वर किंवा खाली. अनंत बिंदूंवर पसरलेली लहर नको, दोन संख्या पुरतात. आणि माझ्यासाठी तर ही रोजच्या कामाचीच वस्तू होती.

त्या वाटेवर पहिला भेटतो तो १९२२ सालचा फ्रँकफुर्टमधला प्रयोग. ऑटो स्टर्न आणि वाल्थर गेरलाख यांनी भट्टीत चांदी तापवून तिच्या अणूंचा बारीक झोत निर्वात नळीतून सोडला आणि तो एका असमान चुंबकीय क्षेत्रातून नेला. चांदीचे अणू म्हणजे वाटेल त्या दिशांना तोंड केलेली चुंबकं असतील, तर पलीकडच्या काचेवर एक अखंड पट्टा उमटायला हवा: काही खूप वर, काही थोडे वर, काही मधे, काही खाली. उमटले दोन वेगळे ठसे. मधे काही नाही. गेरलाखनं त्याचं छायाचित्र पोस्टकार्डावर चिकटवून नील्स बोरला पाठवलं. गंमत अशी की इलेक्ट्रॉनला स्पिन असतो ही कल्पनाच तोवर रूढ झालेली नव्हती. ती उलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी १९२५ साली मांडली. प्रयोग आधी झाला, त्याचा खरा अर्थ नंतर लागला.

आता ‘वर’ निघालेले अणू घ्यायचे आणि दुसरं तसंच चुंबक आडवं ठेवून त्यांना विचारायचं: उजवीकडे की डावीकडे? निम्मे उजवीकडे, निम्मे डावीकडे. त्यातले उजवीकडचे घेऊन पुन्हा उभ्या चुंबकात टाकले, तर निम्मे वर, निम्मे खाली. मघाशी आपण फक्त ‘वर’वाले निवडले होते, तरी आता खालचे हजर. हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि कागद घेतला. उजवीकडचा अणू म्हणजे ‘वर’ आणि ‘खाली’ यांची बेरीज आहे असं धरलं तर?

नियम एवढाच. प्रत्येक अवस्था म्हणजे दोन संख्यांची जोडी, पहिली वरची, दुसरी खालची. संख्येचा वर्ग म्हणजे त्या उत्तराची संभाव्यता. ‘वर’ म्हणजे १ आणि ०. ‘खाली’ म्हणजे ० आणि १. ‘उजवीकडे’ला दोन्ही संभाव्यता निम्म्या हव्यात, म्हणून १/√२ आणि १/√२. ‘डावीकडे’लाही निम्म्या-निम्म्याच हव्यात, पण ती अवस्था वेगळी, म्हणून १/√२ आणि उणे १/√२. वर्ग केला की उणे चिन्ह पुसलं जातं, पण बेरजेत ते जिवंत असतं. एका अवस्थेतला अणू दुसऱ्या अवस्थेत सापडण्याची शक्यता काढायची, तर जोड्यांचे जागच्या जागी गुणाकार करायचे, बेरीज करायची आणि मग वर्ग. उजवीकडचा डावीकडे सापडेल का? अर्धा वजा अर्धा, शून्य. बरोबर, सापडता कामा नये. हे गणित सातवीतलं मूल करू शकेल. पण संभाव्यतांच्या आधी आणखी एक संख्या असते, तिला चिन्ह असतं, आणि निसर्ग आधी त्या संख्यांची बेरीज करतो आणि मग वर्ग करतो, ही गोष्ट मला शंभर पानांच्या वर्णनातून जितकी कळली नव्हती तितकी या एका वजाबाकीतून कळली.

आता खरी परीक्षा. दिशा तीन आहेत. वर-खाली झाली, उजवी-डावी झाली, राहिली पुढे-मागे. ‘पुढे’ तोंड केलेल्या अणूलाही वर-खाली विचारलं तर निम्मं-निम्मं, उजवी-डावी विचारलं तरी निम्मं-निम्मं उत्तर यायला हवं. निम्म्या-निम्म्यासाठी दोन्ही संख्यांचा आकार १/√२ हवाच. चिन्हं अधिक-अधिक किंवा अधिक-उणे. (दोन्ही उणे घेतली तर वर्गात काही फरक पडत नाही, अवस्था तीच.) पण या दोन्ही जोड्या उजवी-डावीनं आधीच घेतल्या आहेत! नेहमीच्या संख्यांत तिसऱ्या दिशेला जागाच उरलेली नाही.

इथं मी बराच काळ अडकून होते. वाट दाखवली भाचीनं. ती इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला.

“मावशी, संमिश्र संख्या घे ना. आय.”

“म्हणजे उणे एकचं वर्गमूळ? ते तर कल्पित.”

“नाव तसलं आहे. तू असं बघ: उणे एकनं गुणलं की संख्यारेषेवर अर्धा फेरा, १८०. मग आयनं गुणायचं म्हणजे ९० अंश वळायचं. दोनदा वळलीस की १८०. झालं.”

९० अंश वळणं तर माझ्या पोटापाण्याचं काम. ‘पुढे’ म्हणजे १/√२ आणि आय भागिले √२, असं लिहिलं. ‘उजवीकडे’शी गुणून बेरीज केली, तर (१ + आय)/२. संमिश्र संख्येचा वर्ग म्हणजे तिच्या लांबीचा वर्ग, पायथागोरसनं: एकचा वर्ग अधिक एकचा वर्ग, भागिले चार. दोन भागिले चार. निम्मं! ‘डावीकडे’शीही निम्मं, ‘वर’शीही निम्मं. ‘मागे’साठी उणे आय. तिन्ही दिशा दोन-दोन संख्यांत बसल्या, एकही जागा उरली नाही. कल्पित म्हणवणारी ही संख्या कोणी हौसेनं आणलेली नाही. जगाला लांबी, रुंदी, उंची अशा तीन दिशा आहेत आणि मोजणीची उत्तरं दोनच आहेत, या दोन गोष्टी एकत्र नांदायच्या तर तिच्यावाचून चालत नाही. हे पुस्तकात वाचलं असतं तर मान डोलावली असती. ओट्यापाशी उभं राहून, पाठकोऱ्या कागदावर, भाकरी तव्यावर असताना ते उतरलं, आणि तो आनंद मला शब्दांत पुरेसा सांगता येत नाही.

आणि माझी शंका तिथंच सुटली. ‘उजवीकडे’, ‘पुढे’, ‘डावीकडे’, ‘मागे’ या चारही अवस्थांत वरची संख्या तीच, १/√२. खालच्या संख्येचा आकारही तोच. बदलतो तो तिचा कोन: ०, ९०, १८०, २७० अंश. म्हणजे वरची आणि खालची संख्या यांच्यातला कोन हीच आडव्या प्रतलातली दिशा. फेज म्हणतात तो हा. ९० अंशांच्या पल्सनंतर निम्मे प्रोटॉन वर आणि निम्मे खाली असं काही झालेलं नसतं. पल्सनं वळलेल्या प्रत्येक प्रोटॉनच्या अवस्थेत दोन्ही संख्या सारख्या आकाराच्या आणि त्यांच्यात एक ठरावीक कोन असतो. दीड टेस्लाच्या चुंबकात तो कोन सेकंदाला सुमारे ६ कोटी ३९ लाख फेरे घेतो. ६३.८७ मेगाहर्ट्झ, जी वारंवारता मी कन्सोलवर पाहत आले होते, ती त्या फिरत्या कोनाची. आमचं यंत्र सिग्नल घेतं तेसुद्धा एकमेकांपासून ९० अंशांवरच्या दोन भागांत. संगणक त्यांना वास्तव आणि कल्पित भाग म्हणूनच साठवतो आणि त्यांतूनच फेजची प्रतिमा काढता येते. संमिश्र संख्या माझ्या टेबलावर पहिल्या दिवसापासून होती.

मग मी फ्लिप अँगलकडे वळले. हा आकडा आम्ही सीक्वेन्समध्ये रोज भरतो: ९०, १८०, कधी ३०, कधी १५. बाण जितक्या अंशांनी कलला, त्याच्या निम्म्या कोनाच्या कोसाइनचा वर्ग ही ‘वर’ सापडण्याची संभाव्यता. निम्मा कोन का, हे दोन संख्यांच्या हिशेबातूनच येतं: ‘वर’ आणि ‘खाली’ खोलीत १८० अंशांवर आहेत, पण हिशेबात त्यांचा गुणाकार शून्य, म्हणजे ते काटकोनात. ६० अंशांचा फ्लिप घेतला: निम्मे ३०, कोसाइन √३/२, वर्ग तीन चतुर्थांश. वर तीन, खाली एक. वजाबाकी करून चारानं भागलं तर निम्मं. आणि कललेल्या बाणाची उभी सावली? ६० चा कोसाइन, तोही निम्मा. एकेका प्रोटॉनचं उत्तर वर किंवा खाली असं तुटक असतं, आणि तरीही सरासरी नेमकी साध्या बाणासारखी वागते. म्हणूनच नुसत्या फिरत्या बाणाच्या जुन्या भौतिकशास्त्रानं एमआरआयचा बहुतेक व्यवहार नीट समजावता येतो. एक घन मिलिमीटर पाण्यात प्रोटॉन असतात सुमारे ६७ वर १८ शून्यं इतके. शरीराच्या तापमानाला, दीड टेस्लात, दर दहा लाखांमागे ‘वर’चं पारडं जेमतेम पाचांनी जड असतं. तेवढ्यावर आमचं सगळं चालतं, कारण दहा लाखांचे गट अफाट आहेत. माझ्या मते शिकवताना एक तर हा फिरता बाण दाखवावा, नाही तर दोन संख्यांचा खरा हिशेब द्यावा. वर-खाली बाणांचं अर्धं चित्र मधेच लटकतं आणि विचार करणाऱ्या विद्यार्थ्यालाच जास्त छळतं.

निम्म्या कोनातून आणखी एक गोष्ट निघते. ३६० अंशांचा पूर्ण फेरा दिला, तर निम्मे १८०, कोसाइन उणे एक. अवस्था परत आली ती उणे चिन्ह घेऊन. पूर्ववत व्हायला ७२० अंश लागतात. १९७५ साली न्यूट्रॉनच्या झोताचे दोन भाग करून, एकाला फिरवून, पुन्हा मिसळून हे प्रत्यक्ष तपासलं गेलं. माझ्या कन्सोलवर ते दिसणार नाही, कारण दोन्ही संख्यांना सारखंच उणे लागतं. शेजारी न फिरवलेला भाग असेल तरच ते उघड होतं.

मॅट्रिक्स भाचीनं शिकवल्या. तिला गुणाकार सफाईनं येत होता, तो कशासाठी करतात हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मला कशासाठी ते ठाऊक होतं, गुणाकार येत नव्हता. आमची जोडी जमली. उभ्या दिशेची आणि आडव्या दिशेची, पाउलीच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या दोन बाय दोनच्या दोन मॅट्रिक्स घेतल्या. एका क्रमानं गुणल्या, मग उलट्या क्रमानं. आकडे तेच, चिन्हं नेमकी उलट. सहाला सातानं गुणलं काय आणि साताला सहानं काय, यात वाढलेल्या मनाला हा धक्का मोठा आहे. उभं मोजून मग आडवं मोजणं आणि आडवं मोजून मग उभं मोजणं वेगळं, हे फ्रँकफुर्टच्या प्रयोगातून कळलं होतंच. ते इथं आकड्यांत उमटलेलं दिसलं.

त्याच सुमारास वाचलेली एक हकीकत मला फार धीर देऊन गेली. १९२५ च्या जूनमध्ये पराग-ज्वरानं हैराण झालेला तेवीस वर्षांचा हायझेनबर्ग हेल्गोलँड बेटावर जाऊन राहिला आणि तिथं त्यानं नव्या यामिकीचा पाया घातला. त्याच्या गुणाकारात क्रम बदलला की उत्तर बदलत होतं, आणि तो अस्वस्थ होता. मॅट्रिक्स म्हणजे काय हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. गॉटिंगेनला त्याचे वरिष्ठ मॅक्स बॉर्न यांनी ते ओळखलं, कारण ब्रेस्लाउला विद्यार्थी असताना ते या विषयाच्या तासांना बसले होते. म्हणजे ज्यानं हे शास्त्र जन्माला घातलं त्यालाही लागणारं गणित आधीपासून येत नव्हतं. अडलं तेव्हा, अडलं तेवढं, दुसऱ्याकडून घेतलं. ‘आधी सगळं गणित करा, मग या’ असं सांगणाऱ्यांना मी आता हे सांगते.

आमच्या विषयाचा मुंबईशी असलेला धागाही असाच हाती लागला. पाण्यातल्या आणि मेणातल्या प्रोटॉनचा सिग्नल ब्लॉख आणि पर्सेल यांच्या गटांनी वेगवेगळा पकडला, त्याचं संशोधन १९४६ साली प्रसिद्ध झालं आणि १९५२ साली दोघांना नोबेल मिळालं. ब्लॉखच्या स्टॅनफर्डमध्येच अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी १९५१ साली अल्कोहोलचा सिग्नल उलगडून दाखवला: एकाच रेणूतल्या हायड्रोजनचे तीन वेगळे उंचवटे, तीनास दोनास एक या प्रमाणात, कारण रेणूत त्यांच्या जागा वेगळ्या. यातले एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी तिथं या संशोधनाचा पाया घातला. मेंदूच्या गाठीत कोणती रसायनं आहेत हे पाहायला आम्ही स्पेक्ट्रोस्कोपी करतो, त्यातले उंचवटे याच तत्त्वावर उभे असतात. आमच्या शिक्षणात हे नाव यायला हवं होतं.

सध्या दोन स्पिनचं गणित चालू आहे. दोन प्रोटॉन घेतले की शक्यता चार: दोन्ही वर, दोन्ही खाली, आणि एक वर एक खाली असे दोन प्रकार. म्हणून आता दोनाऐवजी चार संख्या. हायड्रोजनच्या रेणूत नेमके दोनच प्रोटॉन असतात. त्यांच्या स्पिनच्या तीन अवस्था एका कुटुंबातल्या, त्यांत एकूण स्पिन एक; तो ऑर्थो हायड्रोजन. चौथी एकटी, ‘वर-खाली’मधून ‘खाली-वर’ वजा केलेली, तो पॅरा. खोलीच्या तापमानाला दोन्हींचं प्रमाण तीनास एक. हायझेनबर्गला १९३२ सालचं नोबेल देताना हायड्रोजनच्या या दोन रूपांच्या शोधाचा मुद्दाम उल्लेख केलेला आहे. मी पॅराच्या अवस्थेवर तिन्ही दिशांच्या मॅट्रिक्स लावून पाहिल्या. तिन्ही वेळा शून्य. दोन चुंबकं असूनही हा वायू माझ्या यंत्रात काहीच सिग्नल देणार नाही. आणि रसायनशास्त्रज्ञ हाच वायू दुसऱ्या रेणूवर जोडून त्या रेणूचा सिग्नल कित्येक पटींनी वाढवतात. शून्यातून तो निघतो कसा, हे चार बाय चारच्या मॅट्रिक्समध्ये आहे.

भाचीला मी काल तो हिशेब पाठवला. तिचं उत्तर आलं: “मावशी, तिसरी ओळ परत कर, मी पण करते. रविवारी ताडून बघू.”